अण्णांचं गाऱ्हाणं आणि दोन हार्ड डिस्क

टक्. टक्. मग जरा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्.

“मालन, घड्याळ कुठलं वाजतंय गं?” चंद्रप्रकाश घाड्यांनी टेबलावरूनच ओरडून विचारलं.

“आपल्याकडे वाजणारं घड्याळ आहे कुठे?” मालन स्वयंपाकघरातून म्हणाली. “कान तपासून घ्या एकदा.”

चंद्रप्रकाशनी कान टेबलाजवळ नेला. आवाज हार्ड डिस्कमधून येत होता.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वाजतंय तर वाजू दे. पण या माणसाची उभी हयात वीज कंपनीच्या सब-स्टेशनवर गेलेली. ट्रान्सफॉर्मर जरा वेगळ्या सुरात गुणगुणला की हे जेवता जेवता उठायचे. यंत्राच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणं हा त्यांचा हातखंडा, आणि ही टक्-टक् सरळ सरळ शेवटच्या दुखण्याची होती. त्यांनी झटकन बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली, आणि ती काळी डबी दोन्ही हातांत धरून चारकोपच्या त्या दीड खोलीच्या घरात नुसते उभे राहिले.

त्या डबीत अण्णांचं गाऱ्हाणं होतं. अण्णा म्हणजे चंद्रप्रकाशचे वडील. जाऊन वीसेक वर्षं झाली.

कोकणातल्या घरात गणपती बसला की घरातला थोरला पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. गावचे देव मानाच्या क्रमाने नावानिशी बोलवायचे, मग घराण्याचा मूळपुरुष, मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी देवाकडे मागायचं. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी एकसाथ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. अण्णा कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. गणपतीला रजा मिळेल याची खात्री नाही म्हणून त्यांनी गावचा गणपतीच घाटकोपरच्या खोलीत आणला होता. जन्मभर साच्यांच्या खडखडाटात बोलून आवाज असा कमावलेला, की त्यांनी ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की खालच्या मजल्यावरची माणसंही हातातलं काम टाकून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची.

चंद्रप्रकाशनी पहिल्या पगारात टेपरेकॉर्डर घेतला तो या आवाजासाठी. तेव्हापासून दरवर्षी गाऱ्हाण्याच्या वेळी धाकटे चिरंजीव कोपऱ्यात, मांडीवर यंत्र. आधी टेप, मग व्हिडिओ कॅमेरा, मग मोबाइल. कॅसेटना बुरशी धरायला लागली तेव्हा एका दुकानात देऊन सगळं कॉम्प्युटरवर चढवून घेतलं, ते या हार्ड डिस्कमध्ये ठेवलं, आणि डिस्क अण्णांच्या उपरण्यात गुंडाळून कपाटात. वर्षातून एकदा बाहेर काढायची, नवीन रेकॉर्डिंग आत टाकायचं, पुन्हा उपरण्यात. देव पेटाऱ्यात ठेवावेत तशी जपणूक!

मग यंदा ती श्रावणातच का काढली? तर अण्णांच्या मागे गाऱ्हाणं घालायचा थोरला भाऊ, माणिकदादा. आणि माणिकदादाला शिमग्यानंतर अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, हातही थोडा हलू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. तोंड उघडायचं, घशातून काहीतरी यायचं आणि मग चिडून भिंतीकडे तोंड करायचा. बायको आधीच गेलेली. मुलगी अस्मिता मुलुंडला दिलेली, ती बिचारी न्यायला आली होती. पण दादाने मान हलवली. भावाच्या घरी राहीन, जावयाच्या घरी नाही. तेव्हापासून तो चारकोपला, आणि यंदाचा गणपतीही चारकोपला.

म्हणजे यंदा गाऱ्हाणं चंद्रप्रकाशनी घालायचं.

आणि चंद्रप्रकाशना ते येत नव्हतं! हसू नका. चाळीस वर्षं जो माणूस गाऱ्हाण्याला सगळ्यात जवळ बसला त्याला देवांचा क्रमसुद्धा धड सांगता येत नव्हता, कारण त्याचे डोळे कायम यंत्राच्या सुईवर. आवाज फाटतोय का, टेप संपतेय का, मध्येच वीज गेली तर काय. कान होते, पण ते यंत्राला दिलेले. गावच्या भावकीला विचारावं तर त्यांचं गाऱ्हाणं वेगळं. घरचं गाऱ्हाणं घराबाहेर कुणाला ठाऊक असणार? ज्याला ठाऊक तो दादा समोर बसलेला आणि एक शब्द बोलता येत नाही. उरली ती ही डबी. आणि ती टक्-टक् करायला लागली.

संध्याकाळी मुलगी दीप्ती ऑफिसातून आली. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. “बाबा, एक काम करा. आत्ता उठा, मिळेल ती डिस्क घेऊन या आणि सगळं तिच्यावर उतरवून घ्या. हिची वाट लागलीय. प्रत्येक वेळी चालू कराल तेव्हा अजून लागेल.”

“मिळेल ती कशी घेऊ? अण्णांचा आवाज आहे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

“चांगली बघून घेतो. भरवशाची.”

आणि इथे या शहाण्या माणसाने माती खाल्ली. तेव्हाच घेतली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नाही! मुलीसाठी स्थळं बघावीत तशी यांनी हार्ड डिस्क बघायला सुरुवात केली. सकाळी चहा झाला की मोबाइलवर व्हिडिओ. एक जण म्हणायचा ही कंपनी घ्या, डोळे मिटून. दुसरा म्हणायचा त्या कंपनीचं नाव काढू नका, माझी सहा महिन्यांत गेली. मोठी घ्यावी तर ती म्हणे गरम होते. छोटी घ्यावी तर हातातून पडते. एकीत लिहिण्याची पद्धत अशी की एक ओळ बदलायला शेजारच्या चार ओळी पुसून पुन्हा लिहाव्या लागतात. ती घ्यायची नाही हे त्यांनी पक्कं केलं. मग दुसरी एक आवडली, तर तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं की वाजते फार. बिनचाकाची, आत काहीच न फिरणारी डिस्कही निघालीय असं कळलं; पण ती वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर आतलं विसरू शकते असं वाचल्यावर त्यांना घामच फुटला.

“माझं स्थळ बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात,” मालन कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली.

“तुझी वॉरंटी कुणी विचारली होती?”

“विचारायची होती! बाबांनी लिहून दिली असती.”

बोरीवलीला स्टेशनबाहेर हर्षदचं दुकान. तिथे तर चंद्रप्रकाश इतक्यांदा गेले की हर्षद लांबून दिसताच दुसरी खुर्ची पुढे करायचा. गुजराती माणूस, मराठी मात्र आपल्यापेक्षा सरस.

“हर्षदभाई, ही किती टिकेल? खरं सांग.”

“काका, कंपनी तीन वर्षं लिहून देते.”

“आणि दुसऱ्याच वर्षी गेली तर?”

“बदलून नवी देणार ना. कोरी करकरीत.”

“आणि आतलं?”

हर्षदने हातातला बॉक्स खाली ठेवला. “आतलं तुमचं, काका. आतल्याची वॉरंटी कोण देणार? डबीची देतात.”

चंद्रप्रकाश तसेच घरी आले. त्या दिवशी जेवले नाहीत नीट. डबीची वॉरंटी देतात! त्यांना एकदम एवढं हताश वाटलं की दीप्तीने ताटावरून उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“बाबा, एक ऐका. भरवशाची डिस्क नावाची गोष्टच जगात नाही. सगळ्या जातात. कुठली कधी, एवढाच प्रश्न. म्हणून दोन घ्यायच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, म्हणजे दोघी एकाच दुखण्याने जाणार नाहीत. एक इथे, दुसरी मुलुंडला अस्मिताताईकडे. आग लागो, पाणी भरो, एक तरी राहील. आणि दर वर्षी उघडून बघायचं. एवढंच असतं हे.”

“आत असतं तरी काय गं?”

“थाळी असते. आरशासारखी गुळगुळीत. मिनिटाला हजारो वेळा गरागरा फिरते. तिच्यावर एक सुई असते, पण ती टेकत नाही, तरंगते. मधलं अंतर केसापेक्षा कितीतरी कमी. आपल्या डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण आत गेला तरी खेळ खल्लास. थाळीवर चुंबकाचे बारीक बारीक ठिपके, त्यांत सगळं लिहिलेलं.”

चंद्रप्रकाश ऐकतच राहिले. चुंबक म्हणजे त्यांच्या जन्माचा सोबती. घराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधला चुंबक त्यांनी सांभाळला, त्याची गुणगुण अंगात भिनवली. आणि त्याच चुंबकाच्या न दिसणाऱ्या ठिपक्यांत अण्णा उभे आहेत, हात जोडून, साच्याच्या आवाजावर आवाज चढवून? तळहातावर मावणाऱ्या डबीत? ते उठले, कपाट उघडलं आणि उपरण्यातल्या डबीकडे पाहून त्यांनी आपसूक हात जोडले. दीप्ती हसली नाही. हे त्यांना आवडलं.

दुसऱ्या दिवशी दोन डिस्क आल्या. हर्षदने पेढा दिला, विश्वास ठेवा!

गणपतीच्या आधीच्या रविवारी सकाळी दीप्तीने जुनी डिस्क जोडली. टक्. टक्. सगळ्यांनी श्वास रोखला. मग स्क्रीनवर नावं दिसली आणि तिने घाईघाईने सगळं पहिल्या नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली. मध्येच थांबायची. थांबली की चंद्रप्रकाशही थांबायचे, चहाचा कप अर्ध्यात. पट्टी हलली की घोट. माणिकदादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सारं पाहत होता. मालनने कुकरसुद्धा लावला नाही, शिटीने काही बिघडायला नको म्हणून. आता शिटीने काय बिघडणार? पण त्या घरात त्या दिवशी कुणीही काहीही मानलं असतं.

दुपार कलता कलता पट्टी भरली. दीप्ती म्हणाली, “झालं!” आणि त्याच क्षणी जुन्या डिस्कमधून ‘कर्र’ असा आवाज आला, एकदाच. मग टक्-टक्ही नाही. दिवा विझला. पुन्हा जोडून पाहिली, वायर बदलून पाहिली. काही नाही. संपली.

“अगदी वेळेवर,” मालन कपाळाला हात लावत म्हणाली. “जीव धरून होती बिचारी.”

“आता एकेक फाइल उघडून बघते,” दीप्ती म्हणाली. “मग दुसऱ्या डिस्कवर टाकू.”

“नको.”

दीप्तीने वळून पाहिलं. “नको म्हणजे?”

“गाऱ्हाणं असं लावायचं नाही. शिकायला म्हणून डिस्क काढली खरी, पण लावायचा धीर होत नव्हता. अण्णांनी सांगून ठेवलंय.”

सांगून ठेवलं होतं हे खरं. पहिलं रेकॉर्डिंग झालं त्याच संध्याकाळी चंदूने हौसेने टेप लावायला घेतली होती. अण्णांनी हात धरला. “देवांका उगाच हाक मारू नये, चंदू. हाक मारलंस की ते येतत. येऊन बघतत तर ना दिवो, ना नारळ, ना कोणाक काय मागूचा आसा. मगे तू काय सांगशीत तेंका? सहज बोलावलंय म्हणून?” त्यानंतर चंद्रप्रकाशनी एकही टेप वाजवली नव्हती.

दीप्तीने माउसवरचा हात काढला. “एकही नाही? दुकानातून कॉम्प्युटरवर चढवून आणल्या तेव्हा? तेव्हा तरी ऐकलंत?”

“दुकानदाराने ऐकलं असेल तर त्याचं त्याच्यापाशी.”

“म्हणजे बाबा… इतकी वर्षं उपरण्यात जे जपलंत, त्यात आवाज आहे की नाही, हेच तुम्हाला माहीत नाही?”

बुरशी धरलेल्या कॅसेट होत्या त्या. दुकानदाराने काय चढवलं, कसं चढवलं, कुणी पाहिलं? कॅसेट तर केव्हाच टाकून दिल्या. आज सकाळपासून जी पट्टी श्वास रोखून पाहिली ती कदाचित रिकाम्या डब्यांची हमाली होती. यंत्राच्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस, आणि आवाज आहे का एवढं एकदाही पाहिलं नाही! ते खाली जमिनीवरच बसले.

“उघड,” ते म्हणाले. मग लगेच, “नको.” मग पुन्हा, “काय करू गं मी?”

तेव्हा खिडकीजवळून घशातला तो आवाज आला. माणिकदादा डावा हात उचलून देवघराकडे दाखवत होता. एकदा. दोनदा. मग चिडून तिसऱ्यांदा, की एवढंही कळत नाही का तुम्हाला? देवघराखाली गणपतीसाठी आणलेल्या नारळांची पिशवी होती.

पहिली उठली ती मालन. तिने कॉम्प्युटरसमोरचा कप, चार्जर, चष्म्याचं घर सगळं बाजूला सारलं. पाटावर तांदूळ, त्यावर नारळ, बाजूला पानाचा विडा. निरांजन लावून कीबोर्डच्या शेजारी ठेवलं. “आता बोलवा,” ती म्हणाली. “आता आले तरी आपण तयार.”

तिघं कॉम्प्युटरसमोर, दादा खिडकीजवळच. दीप्तीने पहिली फाइल उघडली. व्हिडिओ होता. काळी चौकट. काही नाही. दुसरी, उघडत नाही म्हणे. तिसरी, नुसत्या रंगीत रेघा. अण्णांचा चेहरा असलेले सगळे व्हिडिओ गेले होते. चंद्रप्रकाश मान खाली घालून जमिनीकडे पाहत होते. दीप्ती आवाजाच्या फायलींकडे वळली, सगळ्यात जुनी होती तिच्यावर बोट ठेवलं.

खरखर. खूप वेळ खरखर. मग कुठेतरी स्टोव्हचा फरफर आवाज. भांडं पडलं. कुणीतरी बाई म्हणाली, “गप रवा रे पोरांनो.” चंद्रप्रकाशनी झटकन मान वर केली. आये! आईचा आवाज. तिचा आवाज कसा होता हे आपण विसरलो होतो, हे त्यांना तो ऐकल्यावर कळलं.

आणि मग, लहानशा स्पीकरमधून मावणार नाही असा:

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

कोण म्हणालं? टेपमधले म्हणाले, घाटकोपरच्या त्या खोलीतले, आये, वहिनी, शेजारपाजारचे, खालच्या मजल्यावरचे. त्यांतले निम्मे आज नाहीत. पण इथे चारकोपलाही मालन म्हणाली, दीप्ती म्हणाली, ठरवून नव्हे, तोंडातून निघूनच गेलं. मेलेल्यांचं आणि जित्यांचं एका दमात.

“रवळनाथा म्हाराजा! सातेरी आये! पावणाई! ब्राह्मणदेवा! ह्या घराच्या मूळपुरुसा! जो कोण नावानिशी घेवचो रवलो आसात, तो बोलावणा पोचला समजून येऊन बसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

एकेक नाव क्रमाने येत होतं. चंद्रप्रकाशचे ओठ हलत होते. निरांजनाची ज्योत सरळ उभी होती, आणि त्यांना खरंच वाटलं की खोलीत माणसं वाढलीत. भीती नव्हती ती. पाहुणे आले की घर जसं भरतं तसं भरलं होतं. तळहाताएवढ्या डबीतून सगळे देव, सगळं घराणं, सगळी चाळ बाहेर येऊन त्यांच्या दीड खोलीत दाटीवाटीने बसली होती.

“ह्यो माझो थोरलो, माणिक. रागीट आसा, पण सगळ्यांचो भार घेता. माझ्यामागे गाऱ्हाणा तेकाच घालूचा आसा. तेची वाचा राख रे म्हाराजा!”

टेपमधले ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले, इथल्यांनी दादाकडे पाहिलं. वाचा राख! आणि खिडकीकडून आलं, जाड, घासल्यासारखं, पण अगदी स्वच्छ:

“व्हय… म्हाराजा.”

दादा बोलला होता. त्याचा त्यालाच विश्वास बसेना. तो डाव्या हाताने आपलेच ओठ चाचपून पाहत होता. मालनने पदर तोंडाला लावला. दीप्ती फाइल थांबवायला गेली तर दादाने हाताने ‘चालू दे’ म्हणून दटावलं. पुढच्या प्रत्येक वाक्याला तो म्हणाला. बाकी काही बोलता आलं नाही त्याला, पाणीसुद्धा मागता आलं नाही. पण तेवढं आलं.

अण्णा पुढे चालले होते. सुनेसाठी मागितलं, गावच्या बैलासाठी मागितलं, गिरणीचं फाटक उघडं राहावं म्हणून मागितलं. मग जरा थांबले. खोकले.

“आणि ह्यो माझो धाकटो, चंदू. कोपऱ्यात पेटी घेऊन बसलो हा.”

टेपमध्ये कुणीतरी हसलं.

“गाऱ्हाणा सुरू झाल्यापासून बघतंय, व्हय म्हणाक तोंड उघडूक तयार नाय. तेका वाटता, आपलो आवाज मधी इलो तर आमचो बुडतलो. खुळो! सगळ्यांचा आवाज राखता आणि सोताचा ठेवणा नाय. देवा म्हाराजा, तो सगळ्यांचा राखता, तेचा तू राख. तेच्या पेटीत काय बिघाड येव देव नको. आणि तेच्या वाटणीचा आज मीच म्हणतंय… व्हय म्हाराजा!”

चंद्रप्रकाश एकदम हुंदका देऊन रडले. वयाचं भान न ठेवता, पोरासारखे. तेव्हा हे वाक्य ऐकलंच नव्हतं त्यांनी! ते समोरच बसले होते, अण्णांपासून हातभर अंतरावर, आणि सुईकडे बघत होते. नंतरच्या एकाही रेकॉर्डिंगमध्ये आपला आवाज नसणार, हे त्यांना आता न ऐकताच कळलं. सगळं घर आत होतं. आयेपासून गावच्या बैलापर्यंत. एक आपण सोडून.

खरखर सुरूच होती. टेपमध्ये पुढचं वाक्य यायला अजून अवकाश होता. चंद्रप्रकाशनी डोळे पुसले, हात जोडले, आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं मोठ्याने म्हणून टाकलं.

“व्हय म्हाराजा!”

रात्री जेवायच्या आधी दुसरी डिस्क भरून झाली. जे व्हिडिओ गेले ते गेले. आवाज मात्र दोन्हीकडे होता, दोन्हीकडे उघडून पाहिला होता. निरांजन तेवत होतं तोवरच, आणि तेवढ्यात चंद्रप्रकाशनी देवांचा क्रम कागदावर उतरवून घेतला.

चतुर्थीला घर भरलं. अस्मिता मुलुंडहून नवरा-मुलांना घेऊन आली, जाताना दुसरी डिस्क न्यायची म्हणून कापडी पिशवीही घेऊन आली. आरती झाली. चंद्रप्रकाश देवापुढे उभे राहिले. मालनने नवं धोतर नेसवलं होतं, ते कमरेला दोनदा चाचपून पाहिलं. दादा शेजारी खुर्चीत. दीप्ती कोपऱ्यात, मोबाइल समोर धरून.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

रवळनाथ आला, सातेरी आली, पावणाई आली, क्रम चुकला नाही. एकदा अडले तर दादाने ‘व्हय म्हाराजा’ असं काही दटावून म्हटलं की पुढचं नाव आपोआप आठवलं. अस्मिताने बापाचा आवाज ऐकला तेव्हापासून तिचे डोळे वाहत होते. मग चंद्रप्रकाशनी दादासाठी मागितलं, मुलुंडच्या पोरांसाठी मागितलं. मग म्हणाले, “आणि देवा म्हाराजा, ह्ये दोन डबे आसत. एक चारकोपाक, एक मुलुंडाक. भरवसो तेंचो कंपनी पण देणा नाय, तो तू दी. दोघांकाय संभाळ रे म्हाराजा!”

सगळे हसले आणि हसत हसत म्हणाले. चंद्रप्रकाश मात्र थांबले होते. ते कोपऱ्याकडे पाहत होते. दीप्तीचे ओठ घट्ट मिटलेले, नजर मोबाइलच्या पडद्यावर.

“तू म्हणाली नाहीस.”

तिने भुवया उडवून मोबाइल दाखवला. चालू आहे, आवाज येईल.

“येऊ दे.”

ती मान हलवून नाही म्हणाली. गाऱ्हाणं मध्ये थांबवायचं नसतं, हे लहान पोरांनाही माहीत होतं.

“दीप्ती,” चंद्रप्रकाश म्हणाले, “मी थांबतो. तू म्हण.”

तिने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा देवाकडे.

“व्हय म्हाराजा!” दीप्ती म्हणाली, आणि तिच्या हातातला मोबाइल हलला.

चंद्रप्रकाशनी पुढचं गाऱ्हाणं घातलं.